आवळण्याची मात्रा

जुनी मोटारगाडी पुन्हा उभी करण्याचा छंद आपल्याकडे आता चांगलाच रुजला आहे. अँबॅसिडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. गाडी रोज दिसत होती तोवर तिचे कुणाला कौतुक नव्हते. आता मात्र वडिलांची फियाट, आजोबांची जीप गोठ्यातून, शेडमधून बाहेर काढली जाते. तिच्या रंगावर तासन् तास चर्चा होते. सीटचे कापड, बंपरची चकाकी, जुन्या धर्तीची नंबरप्लेट यांवर पैसा आणि जीव दोन्ही खर्च होतात.

ज्यांच्यावर माणसांचा जीव असतो ते नटबोल्ट मात्र गाडीच्या पोटाखाली असतात. चाक ज्या सांगाड्यावर झुलते त्या सस्पेन्शनचे आणि चाक थांबवणाऱ्या ब्रेकचे बोल्ट. इंजिन बंद पडले तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते, आपण चहा पिऊन मिस्त्रीची वाट पाहतो. घाट उतरताना हे बोल्ट सुटले तर कडेला उभे राहण्याची सोय नसते. म्हणून आज मी एका साध्या प्रश्नाविषयी बोलणार आहे. बोल्ट किती आवळायचा? प्रश्न साधा असला, तरी त्याचे उत्तर शोधायला माणसाला दीडशेहून अधिक वर्षे लागली.

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पेच बहुधा हातानेच कापला जाई. प्रत्येक बोल्टचा नट ठरलेला. एकाचा नट दुसऱ्यावर बसत नसे, म्हणून यंत्र खोलताना जोडीवर खुणा करून ठेवाव्या लागत. खुण चुकली की सगळे अडले. १८०० च्या सुमारास लंडनच्या हेन्री मॉड्सले यांनी एकसारखे आटे कापणारा लेथ उभा केला, आणि एका कारखान्यातले बोल्ट तरी एकमेकांचे नातेवाईक झाले. पण शेजारच्या कारखान्याचे आटे वेगळेच.

मॉड्सले यांच्याच कारखान्यात काम केलेले जोसेफ व्हिटवर्थ यांनी पुढचे पाऊल टाकले. त्यांनी इंग्लंडमधल्या अनेक कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, त्यांची मापे घेतली आणि सरासरी काढली. १८४१ साली त्यांनी सुचवले की आट्याचा कोन सर्वांनी ५५ अंशांचाच ठेवावा, आणि अमुक जाडीच्या बोल्टला इंचामागे अमुकच आटे असावेत. पुढे रेल्वे कंपन्यांनी ते उचलले. मँचेस्टरचा नट लंडनच्या बोल्टवर बसू लागला. दोन कारागीर एकमेकांना आयुष्यात भेटणार नव्हते, तरी एकाला दुसऱ्याच्या कामाचा भरवसा धरता येऊ लागला. ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

अमेरिकेने मात्र वेगळी वाट धरली. १८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचा, सपाट माथ्याचा आटा मांडला. त्यांचे म्हणणे असे, की व्हिटवर्थचा गोल माथ्याचा आटा कापायला कसबी हात लागतो, हा साध्या कारागिरालाही जमेल. युरोपात मेट्रिक आटे रूढ झाले. कुणाचे म्हणणे चूक नव्हते, पण जगात तीन घराणी झाली.

ही तिन्ही घराणी मी लहानपणी एका छपराखाली पाहिली आहेत. कोल्हापुरात माझ्या मामूंचे गॅरेज होते. तिथे पान्यांच्या तीन पेट्या असत. एक जुन्या इंग्रजी गाड्यांची, व्हिटवर्थ पान्यांची. दुसरी जीप आणि अँबॅसिडरची. तिसरी फियाटची, मिलिमीटरच्या पान्यांची. कोणत्या गाडीला कोणती पेटी, हे गॅरेजमध्ये नवीन आलेल्या पोराला आधी शिकवले जाई. इंचाच्या आठव्या भागाला मामू ‘सूत’ म्हणत. ‘तीन सुती दे’ म्हटले की तीन अष्टमांश इंचाचा बोल्ट पुढे करायचा.

यात एक धोका लपलेला असतो, तो हौशी मंडळींनी नीट समजून घ्यावा. अडीच सुती, म्हणजे पाच सोळांश इंच जाडीच्या बोल्टला व्हिटवर्थ पद्धतीत इंचाला १८ आटे असतात, आणि अमेरिकन जाड्या आट्यातही १८च. त्यामुळे एकाचा नट दुसऱ्यावर सहज फिरतो. पण एकाचा कोन ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. दोन्ही आटे अंगाला अंग लावून बसत नाहीत. वरून सगळे घट्ट दिसते, आत भार थोड्याशाच जागेवर येतो. याहून विचित्र प्रकार जुन्या मॉरिस आणि एमजी गाड्यांत सापडतो. विल्यम मॉरिस यांनी १९२३ मध्ये हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्रीतला इंजिन कारखाना विकत घेतला. यंत्रे फ्रेंच, म्हणून आटे मेट्रिक. पण इंग्लंडच्या मिस्त्र्याकडे पाने व्हिटवर्थचे, म्हणून बोल्टचे डोके व्हिटवर्थ मापाचे! डोके पाहून आटा ओळखणारा माणूस तिथे हमखास फसतो.

दुसऱ्या महायुद्धात या भेदांची किंमत दोस्त राष्ट्रांना कळली. नोव्हेंबर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी वॉशिंग्टनला करार करून ६० अंशांचा ‘युनिफाइड’ आटा मान्य केला. आपल्या अँबॅसिडरचे मूळ १९५० च्या दशकातल्या मॉरिस ऑक्सफर्डमध्ये आहे, त्यामुळे तिचे बहुतेक आटे याच कराराची लेकरे. पद्मिनी ही इटलीच्या फियाट ११०० ची वारसदार, म्हणून तिचे आटे मेट्रिक. गाडीखाली झोपून आपण पाना लावतो तेव्हा हा सगळा इतिहास हातात येतो.

आटा जुळला. आता आवळायचे किती? इथे बोल्टविषयीची आपली समजूत बदलावी लागते. बोल्ट म्हणजे खिळा नव्हे, बोल्ट ही स्प्रिंग आहे. आवळताना तो केसाएवढा का होईना, ताणला जातो, आणि मूळ लांबीवर येण्याची त्याची धडपड दोन भागांना दाबून धरते. स्प्रिंग जोराच्या प्रमाणात ताणली जाते, हा नियम रॉबर्ट हुक यांनी १६७८ मध्येच प्रसिद्ध केला होता. पण तोही मर्यादेपर्यंतच. मर्यादा ओलांडली की पोलाद ताणलेलेच राहते, परत येत नाही. असा बोल्ट मानेपाशी बारीक होतो आणि एक दिवस तुटतो. जास्त आवळणे वाईट, ते यामुळे.

कमी आवळणे का वाईट, याची गोष्ट रेल्वेकडे जाते. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला. डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि ५० हून अधिक माणसे गेली. चांगला जाडजूड आस मोडलाच कसा, याचा विचार सुरू झाला. पुढे १८५० आणि ६० च्या दशकांत जर्मन अभियंते ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखवले, की धातूला एकदाच आलेल्या मोठ्या भारापेक्षा लाखो वेळा येणारे-जाणारे लहान भार अधिक घातक ठरू शकतात. धातू थकतो. नीट ताणलेल्या बोल्टला चाकाचा प्रत्येक धक्का फारसा जाणवत नाही, कारण दाबून धरलेले भाग तो वाटून घेतात. सैल बोल्टला मात्र प्रत्येक खड्डा पुरता सोसावा लागतो. तो गळून पडतो असे आपण समजतो, पण कित्येकदा तो जागच्या जागी थकून तुटतो.

मग नेमकी मात्रा कशी मोजायची? त्यासाठी टॉर्क रेंच आला. किती जोराने फिरवले ते सांगणारा पाना. न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यातले कॉनराड बाहर यांना त्याचे श्रेय दिले जाते. जमिनीखालच्या नळांचे बोल्ट कामगार अती आवळत, त्यावर त्यांनी १९१८ मध्ये हा उपाय काढला, असे सांगतात. पुढे मोटारींच्या पुस्तकांत प्रत्येक बोल्टसमोर आकडा छापला जाऊ लागला. मात्र आकड्यापुढचे एकक वाचायला विसरू नये. जुन्या इटालियन पुस्तकांत किलोग्रॅम-मीटर, इंग्रजी पुस्तकांत फूट-पौंड आणि नव्या पान्यावर न्यूटन-मीटर असते. १० किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे ७२ फूट-पौंड किंवा ९८ न्यूटन-मीटर. नुसता आकडा उचलला तर घात होतो.

आणखी एक खाचखळगा आहे. पाना फिरवण्याचा जोर मोजतो, बोल्टमधला ताण मोजत नाही. आपण १०० भाग जोर लावला, तर ढोबळमानाने ५० भाग नटाच्या तळाशी घासण्यात जातात, ४० भाग आट्यांत घासण्यात जातात. बोल्ट ताणायला उरतात जेमतेम १० भाग. आटे गंजलेले असतील तर हे १० सुद्धा उरत नाहीत. आकडा पुरा होतो, पकड येत नाही. उलट, कोरड्या आट्यासाठी दिलेला आकडा तेल लावून गाठला तर ताण भलताच वाढतो. म्हणून आटे तारेच्या ब्रशने स्वच्छ करावेत, आणि पुस्तकात कोरडे म्हटले असेल तर कोरडे, तेल म्हटले असेल तर तेल. आकड्यामागची अट पाळली नाही, तर आकडा खोटा ठरतो.

मामूंच्या गॅरेजमध्ये टॉर्क रेंच नव्हता. त्यांचा मनगटावर भरवसा होता, आणि पान्याला पाइप लावून दांडा लांब करायला तिथे सक्त मनाई होती. एकदा जुन्या जीपचे डावे चाक काढताना एका नव्या पोराने गुपचूप पाइप लावला. त्या जीपच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात, हे त्याला ठाऊक नव्हते. सोडवतोय समजून तो आवळत राहिला आणि स्टड कटकन तुटला. मामू ओरडले नाहीत. एवढेच म्हणाले, “घट्ट होतंय, हे हाताला कळत होतं ना? मग थांबायचं होतंस.” आज त्यांचा नातू जुन्या गाड्या उभ्या करतो. त्याच्याकडे टॉर्क रेंच आहे, वहीत आकडे आहेत. पण बोल्ट आधी तो बोटांनीच फिरवतो, आटा सरळ धरला की नाही ते हाताला विचारतो आणि मगच पान्याला हात घालतो. हे त्याला कुठल्या पुस्तकाने शिकवलेले नाही.

मी कविता लिहिणारा माणूस. एक मात्रा कमी पडली तर ओळ अडखळते, एक वाढली तर फुटते, हे मला ठाऊक आहे. पण बिघडलेल्या ओळीने कुणाचा जीव जात नाही. इथे जातो. म्हणून गाडी उभी करणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगतो.

कमानीच्या किंवा विशबोनच्या टोकाशी रबरी बुश असेल, तर तिथला बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटचा आवळू नये. चाक लोंबकळत असताना आवळले की रबर त्याच स्थितीत पकडले जाते, गाडी खाली आली की पिळवटते आणि लवकर फाटते. बोल्ट हलका लावावा, गाडी चाकांवर उतरवावी, थोडी दाबून हलवावी आणि मग पुरता आवळावा. खाचांच्या नटाचे भोक स्प्लिट पिनशी जुळत नसेल, तर नट मागे फिरवू नये. पुस्तकाच्या मर्यादेत राहून पुढच्या खाचेपर्यंत न्यावा, आणि पिन नवीच घालावी. ब्रेकच्या नळीच्या जोडावरच्या तांब्याच्या चकत्याही नव्या घ्याव्यात. चाकाचे नट समोरासमोर, आळीपाळीने आवळावेत.

आणि बोल्टचे डोके वाचावे. त्यावर ८.८ असे कोरलेले असेल, तर पहिला ८ सांगतो की तो चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटनचा ताण सोसून मग तुटेल. दुसरा ८ सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत तो कायमचा ताणला जाणार नाही. बाजारातला चकचकीत स्टेनलेस बोल्ट गंजत नाही, दिसतोही देखणा, पण नेहमी मिळणारा ए२-७० जातीचा बोल्ट ४५० न्यूटनच्या आसपासच हार मानतो. सस्पेन्शन आणि ब्रेक ही देखणेपणाची जागा नव्हे. ज्याच्या डोक्यावर काहीच लिहिलेले नाही, त्याला तर तिथे थाराच देऊ नये.

काम झाले की प्रत्येक आवळलेल्या बोल्टवर रंगाची एक रेघ ओढावी, अर्धी नटावर, अर्धी शेजारच्या लोखंडावर. पन्नासेक किलोमीटर गाडी चालवून पुन्हा खाली वाकून पाहावे. रेघ मोडलेली दिसली तर नट हलला आहे. रेघ सरळ असली, तरी चाकाचे नट पुन्हा एकदा पान्याने तपासावेत, आणि त्यानंतरच घरच्या मंडळींना घाटात न्यावे.