वरातीमागून घोडें

इ. स. १९१८ च्या सप्टेंबर महिन्यांत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पाइक्स पीक या शिखरावर एक विलक्षण प्रयोग चालला होता. शिखराची उंची चौदा हजार फुटांहून अधिक. जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे इंजिनियर सॅनफर्ड मॉस यांनीं लिबर्टी जातीचें विमानाचें इंजिन ट्रकवर बसवून त्या उंचीवर नेलें होतें. सपाटीवर सुमारें ३५० अश्वशक्ति देणारें तें इंजिन डोंगरावरच्या विरळ हवेंत २३० वर येऊन ठेपलें. मॉस यांनीं आपलें यंत्र त्यास जोडलें, आणि शक्ति पुन्हां ३५० च्या वर गेली.

हें यंत्र म्हणजेच टर्बोचार्जर. त्याची कल्पना मात्र मॉस यांची नव्हे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियरनें १९०५ सालींच तिचें पेटंट घेतलें होतें. इंजिनांतून बाहेर पडणारा तप्त धूर वायां जातो. त्याच्या झोतानें एक चक्र फिरवावें, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकास दुसरें चक्र बसवावें, आणि त्यानें ताजी हवा दाबून इंजिनांत भरावी, इतकी ती कल्पना साधी आहे. फुकट जाणाऱ्या धुराकडून काम करून घेण्याची ही युक्ति कोणासहि मोह पाडील अशीच आहे. आणि हा मोहच पुढें पुष्कळांना महाग पडला.

कारण नुसत्या हवेनें इंजिन चालत नाहीं. एक पौंड पेट्रोल पुरतें जळण्यास सुमारें १४.७ पौंड हवा लागते. दाबून भरलेल्या हवेंत तर पेट्रोलचें प्रमाण याहूनहि वाढवून, बारा पौंड हवेस एक पौंड पेट्रोल इतकें दाट मिश्रण द्यावें लागतें. वरकड पेट्रोल जळण्यासाठीं नसतें; त्याची वाफ होतांना तें सिलिंडरांतील उष्णता शोषून घेतें आणि मिश्रणास अवेळीं भडका घेऊं देत नाहीं. तें कमी पडलें कीं इंजिन ठोके देऊं लागतें, आणि ठोके फार वेळ चालले तर पिस्टनचा माथा वितळून त्यास भोंक पडतें. डीझेल इंजिनास हें भय नसतें. तेथें हवा जास्त झाली तरी बिघडत नाहीं, आणि म्हणूनच ब्यूखीची युक्ति आगबोटींच्या डीझेल इंजिनांनीं लवकर आपलीशी केली. पेट्रोलच्या मोटारीची गोष्ट वेगळी. तिच्यांत हवेची वरात थाटानें पुढें निघून जाते आणि इंधनाचें घोडें मागून येतें.

१९६२ सालीं जनरल मोटर्सच्या दोन शाखांनीं टर्बो बसविलेल्या मोटारी विकावयास काढल्या. शेव्हरोले शाखेच्या कॉर्वेअर मोंझा स्पायडरमध्यें कार्ब्युरेटर टर्बोच्या आधीं ठेवला होता आणि त्याचें तोंडच असें बेताचें होतें कीं एका मर्यादेपलीकडे हवा आंत शिरूं नये. युक्ति काटकसरीची खरी, पण शहाणपणाची. ओल्ड्समोबिल शाखेची जेटफायर अधिक महत्त्वाकांक्षी निघाली. तिच्या २१५ घनइंची इंजिनांतून २१५ अश्वशक्ति काढलेली होती, आणि सिलिंडरांतील दाबाचें प्रमाण मूळचेंच १०.२५ इतकें चढें होतें. ठोके थांबविण्यासाठीं ऊर्ध्वपातित पाणी आणि मिथेनॉल यांचें निम्मेंनिम्म मिश्रण एका वेगळ्या टाकींतून इंजिनास द्यावें लागे. ही टाकी रिकामी झाली कीं एक झडप मिटून दाब आपोआप कमी होई. म्हणजे यंत्रानें आपला बचाव केला. पण मालकाची समजूत कोण घालणार? पेट्रोल भरावयाचें लोकांच्या लक्षांत राही, ही दुसरी टाकी भरावयाची राहत नसे, आणि गाडी मंदावली अशी तक्रार मात्र येई. दोन वर्षांत दहा हजारांहूनहि कमी गाड्या निघाल्या, आणि १९६५ सालीं कंपनीनें टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर फुकट बसवून देण्याची तयारी दाखविली.

पण याच सुमारास अमेरिकेंतील हौशी कारागिरांस टर्बोचें वेड लागलें होतें. मोडीत निघालेल्या गाडीचा टर्बो मिळवावा, धुराची नळी घरींच सांधावी आणि आपल्या जुन्या मोटारीस तो जोडावा, असे उद्योग घरोघरच्या गॅरेजांत चालूं लागले. १९७६ सालीं ह्यू मॅकइन्स यांचें याच विषयावरचें पुस्तक निघालें. या कारागिरांपुढचा पहिला प्रश्न असे: कार्ब्युरेटर टर्बोच्या आधीं ठेवावा कीं नंतर?

आधीं ठेवला तर मूळच्या कार्ब्युरेटरांत फारसा फेरफार करावा लागत नाहीं. परंतु पेट्रोलची वाफ लांबच्या वाटेनें जातांना थंडींत नळीच्या भिंतींवर थिजते; टर्बोंतील तेल आंत ओढलें जाऊं नये म्हणून खास बंदिस्ती लागते; आणि दाबानें तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर मध्यें बसवितां येत नाहीं, कारण त्यांत ज्वालाग्राही मिश्रण सांठून राहतें. नंतर ठेवला तर इंटरकूलर बसवितां येतो, पण इतर अडचणी उभ्या राहतात. कार्ब्युरेटरच्या वाटींतहि तोच दाब पोंचवावा लागतो. नाहीं तर पेट्रोल बाहेर येण्याऐवजीं मागें रेटलें जातें. वाटींतील पोकळ पितळी तरंगता दाबाखालीं चेपतो. पेट्रोल चढविणाऱ्या पंपास मूळचा दाब अधिक टर्बोचा दाब, असें दुहेरी काम करावें लागतें. १९८० सालच्या लोटस एस्प्रिट टर्बोनें हाच मार्ग पत्करला, आणि मासेरातीच्या बायटर्बोंत तर सबंध कार्ब्युरेटरच हवाबंद पेटींत कोंडला होता. कारखान्यास जें इतकें जड गेलें, तें गॅरेजांतल्या माणसानें एका रविवारांत उरकण्याची आशा धरावी, हें धाडसच म्हटलें पाहिजे.

इंजेक्टरच्या आगमनानें चित्र बदललें. १९७३ च्या बीएमडब्ल्यू २००२ टर्बोंत यांत्रिक इंजेक्शन होतें. पुढच्याच वर्षीं पॅरिसच्या प्रदर्शनांत मांडलेल्या पोर्शे ९११ टर्बोंत आणि १९७७ च्या साब ९९ टर्बोंत बॉशची के-जेट्रॉनिक पद्धति होती. पुढें विजेवर चालणारे इंजेक्टर सर्रास झाले, आणि २००१ सालीं ब्रूस बोलिंग व अल ग्रिपो यांनीं मेगास्क्वर्ट हा घरीं जोडतां येणारा नियंत्रक तयार केल्यावर पेट्रोलचा हिशेब हौशी माणसाच्या हातांत आला.

त्यापूर्वीं एक सोपी पळवाट फार लोकप्रिय होती. इंजेक्टर जुनेच ठेवावयाचे आणि टर्बोचा दाब एक पौंड वाढला कीं पेट्रोलचा दाब कित्येक पौंडांनीं वाढविणारा रेग्युलेटर बसवावयाचा. थोड्या वाढीस ही युक्ति चालते. पण इंजेक्टरांतून जाणारें पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत वाढतें. प्रवाह दुप्पट हवा असेल तर दाब चौपट करावा लागतो. आणि पंपाचा स्वभाव नेमका उलट. दाब जसजसा चढतो तसतसें त्याचें पाणी उतरतें. जेथें पेट्रोलची सर्वांत अधिक निकड, तेथेंच तो हात टेकतो.

वास्तविक हिशेब शाळकरी मुलासहि जमण्याजोगा आहे. चार सिलिंडरांच्या इंजिनाकडून २०० अश्वशक्ति हवी आहे असें समजा. टर्बोच्या इंजिनास दर अश्वशक्तीमागें ताशीं सुमारें ०.६ पौंड पेट्रोल धरतात. म्हणजे १२० पौंड. लिटरांत सांगावयाचें तर ताशीं सुमारें ७४. चार इंजेक्टरांच्या वांट्यास तीस तीस पौंड आले. पण इंजेक्टर सदासर्वकाळ उघडा ठेवून भागत नाहीं. शंभरांतले ऐंशी भागच कामाचे धरावे. तेव्हां प्रत्येकीं साडेसदतीस पौंडांचा इंजेक्टर हवा. रेग्युलेटर साधा, एकास एक चढणारा पुरे. मूळ दाब चौरस इंचास ४३ पौंड आणि टर्बोचे १० असतील तर पंपानें ५३ पौंडांवर हें पेट्रोल द्यावयास हवें, आणि वर थोडें शिल्लकहि असावें. पंपाच्या खोक्यावर छापलेला आंकडा कोणत्या दाबाचा आहे, हें पाहिल्याशिवाय तो घेऊं नये. त्यास जाणारी वीजहि जुन्या बारीक तारेंतून नको. जाड तार आणि स्वतंत्र रिले हवा, नाहीं तर उत्तम पंपहि अर्धपोटीं राहतो. रबरी नळ्या आणि पट्ट्या या दाबास सोसणाऱ्याच घ्याव्या. तप्त टर्बोवर पेट्रोलचा फवारा उडाला तर इंजिनाबरोबर गाडीहि जाते.

बाजारांत मात्र क्रम उलटा दिसतो. चकचकीत टर्बो आधीं घरीं येतो, इंटरकूलर येतो, शिटी वाजविणारी झडप येते; आणि पंप व इंजेक्टर यांच्या वेळेपर्यंत थैली रिकामी झालेली असते.

जाणते कारागीर म्हणून पहिल्याच दिवशीं गाडी रस्त्यावर नेत नाहींत. इंजिन थंड, अवतीभवतीं कोठें ठिणगी नाहीं, दार उघडें, आग विझविण्याचें साधन हाताशीं. रेग्युलेटरवर टर्बोइतकाच दाब लहान हातपंपानें द्यावयाचा, टाकीकडे परतणारी नळी मापाच्या डब्यांत सोडावयाची आणि पंप घड्याळ लावून बरोबर एक मिनिट चालवावयाचा. इंजेक्टर मिटलेले असल्यानें सारें पेट्रोल डब्यांतच येतें. वरच्या उदाहरणांत त्या एका मिनिटांत सव्वा लिटर पेट्रोल जमलें पाहिजे. तेवढें जमलें नाहीं, तर टर्बो त्या दिवशीं फळीवरच राहतो.