फ्लोरा, मार्टिना, डायना : गोराईतल्या नावांत रोमन देवता कुठून आल्या?

गोराई दोन आहेत, हे आधी सांगून टाकतो. एक बोरिवली पश्चिमेची वसाहत आणि दुसरं खाडीपलीकडचं गाव, जिथे जेट्टीवरून बोटीने जायचं. मी बोलतोय ते दुसऱ्याबद्दल. गाव जुनं, ईस्ट इंडियन कॅथलिकांचं. घरात मराठीची स्थानिक बोली, चर्च तीन राजांच्या नावाचं (होली मॅगी), सण 6 जानेवारीचा. अशा गावांत बायकांची नावं ऐका : फ्लोरा, सिल्व्हिया, मार्टिना, डायना, व्हिक्टोरिया. आता रोमन पुराणकथा काढून बघा. फ्लोरा ही फुलांची देवी. डायना शिकारीची आणि चंद्राची. व्हिक्टोरिया म्हणजे विजयदेवता. सिल्व्हिया ही रोम वसवणाऱ्या रोम्युलस आणि रेमसची आई. मार्टिना हे नाव युद्धदेव मार्सवरून.

म्हणजे ख्रिस्ती आईबापांनी मुलींना रोमन देवतांची नावं दिली? संशोधनाला नवीन असताना इथेच घसरायला होतं. शब्दाची व्युत्पत्ती सापडली की नाव ठेवणाऱ्याचा हेतूही सापडला, असं आपण धरून चालतो. या दोन गोष्टी पूर्ण वेगळ्या आहेत.

कागदोपत्री तर चर्चने हे दार बंदच केलं होतं. 1534 च्या तहाने वसई आणि साष्टी पोर्तुगीजांकडे गेली आणि 1737-39 च्या मोहिमेत मराठ्यांनी ती घेतली. या दोनशे वर्षांच्या सुरुवातीच्या काळातच ट्रेंटची परिषद झाली (ती 1563 मध्ये संपली). पुढे 1614 चा रोमन विधिग्रंथ आला. त्यात पाद्रींना स्पष्ट सूचना आहे की बाळाला अश्लील, हास्यास्पद, पोकळ देवांची किंवा अधर्मी मूर्तिपूजकांची नावं पडू देऊ नका. शक्यतो संतांची द्या. आणि पोर्तुगीज म्हणजे या बाबतीत भलतेच कडक. पश्चिम युरोपातल्या बहुतेक भाषांत वारांना जुन्या देवांची नावं उरली, पण पोर्तुगीजने तीही काढली. सोमवार तिथे 'दुसरा' वार, मंगळवार 'तिसरा'. (आपल्याकडे मात्र मंगळ आणि शुक्र मजेत आठवड्यात बसलेत. रोमन जगात त्याच दिवसांवर मार्स आणि व्हीनस बसले होते.)

मग फ्लोरा आली कुठून? मागच्या दाराने. कोर्दोबाची संत फ्लोरा 851 मध्ये मारिया नावाच्या सोबतिणीबरोबर हुतात्मा झाली, तिचा दिवस 24 नोव्हेंबर. संत सिल्व्हिया ही पोप ग्रेगरी द ग्रेट यांची आई. संत मार्टिना ही रोमची हुतात्मा, तिचा दिवस 30 जानेवारी. घडलं असं की रोमन लोक मुलींना देवतांवरून नावं ठेवत होते, त्यांतल्या काही मुली ख्रिस्ती झाल्या, त्यांतल्या काही संत ठरल्या आणि देवीचं नाव पवित्र होऊन परत आलं. त्यामुळे 'फ्लोरा' म्हणणाऱ्या पाद्रींच्या डोळ्यांपुढे कोर्दोबा असणार, फुलांची देवी नव्हे.

पण मुंबईत फ्लोराला आणखी एक पत्ता आहे. फोर्टातलं फ्लोरा फाउंटन 1864 चं. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा, शिल्प जेम्स फोर्साइथ यांचं, आणि वर उभी आहे ती साक्षात रोमन देवी. संत वगैरे काही संबंध नाही. मग एखाद्या आजीचं नाव फ्लोरा असेल तर ते संतावरून की कारंजावरून? आता हा प्रश्न तपासता येण्यासारखा झाला. नाव 1864 च्या आधीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत मिळालं, तर त्या नोंदींपुरतं कारंजं बाद. बाप्तिस्मा नोव्हेंबरअखेरीचा असेल तर संताची बाजू थोडी वजनदार होते. धर्ममातेचं किंवा आजीचंच नाव फ्लोरा असेल तर दोन्ही बाद, कारण मग ते घरातलंच नाव. माझा कल या तिसऱ्या शक्यतेकडे आहे. आपल्याकडे काय किंवा त्यांच्याकडे काय, बहुतेक नावं पुस्तकातून येत नाहीत, आजीकडून येतात.

डायनाची गोष्ट वेगळी, कारण इथे मागचं दारही अरुंद. त्या नावाची गाजलेली जुनी संत नाही. 13 व्या शतकातली बोलोन्याची जोगीण डायना द'अंदालो आहे, पण ती 'धन्य' या पायरीवर. म्हणून सगळे पटकन म्हणतात, 'अहो, राजकन्या डायनावरून!' लग्न 29 जुलै 1981 चं, वर्तमानपत्रं फोटोंनी भरलेली, स्पष्टीकरण अगदी फिट्ट बसतं. अशा वेळी खोडून काढणारं एक उदाहरण शोधायचं. माजी क्रिकेट कर्णधार डायना एडलजी यांचा जन्म मुंबईतला, 1956 चा. त्या पारशी, म्हणजे समाजही वेगळा. पण नाव शहरात आधीपासून खेळत होतं एवढं सिद्ध व्हायला हे एक उदाहरण पुरे. 1981 नंतर डायना वाढल्या का, हा मोजायचा प्रश्न. 1981 मुळे डायना आल्या, हे विधान मात्र गेलं.

व्हिक्टोरियाचं तर विचारूच नका. रोमच्या सिनेटमधली विजयदेवीची वेदी हलवावी म्हणून चौथ्या शतकात ख्रिस्ती आणि जुन्या धर्माचे लोक हातघाईवर आले होते. दीड हजार वर्षांनी तेच नाव एका ख्रिस्ती राणीचं. 1887 मध्ये तिच्या राज्यारोहणाची पन्नाशी साजरी होत असताना मुंबई-साष्टीच्या या स्थानिक ख्रिस्ती समाजाने 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. गोव्या-मंगळुराहून नोकरीला येणाऱ्यांपेक्षा आपण वेगळे आणि इथलेच, हे सरकारला कळावं म्हणून. त्या काळातल्या व्हिक्टोरियामागे देवी शोधण्यात अर्थ नाही, नोकरी शोधा.

ध्वनिसाम्याबद्दलही दोन शब्द. रोमनांची माइआ नावाची देवी आहे आणि आपल्याकडे माया हे नाव आहे. ऐकायला एकच, पण रोमन माइआचं नातं लॅटिनमधल्या 'मोठी' अर्थाच्या शब्दाशी सांगतात, आपल्या मायेशी नाही. उलट ऑरोरा आणि उषा ऐकायला कितीही लांबच्या वाटल्या तरी भाषाशास्त्राप्रमाणे सख्ख्या बहिणी, दोघींचं मूळ एकच, पहाटेचं. गोराई आणि गौराई ही जोडी दिसली की हे आठवा. नुसत्या आवाजावर प्रबंधाचं प्रकरण उभं करू नका.

प्रत्यक्ष काम करायचं ठरवलंत तर दोन तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. 1917 च्या चर्च कायद्यात (कलम 761) असं होतं की आईबाप ख्रिस्ती नाव द्यायला तयार नसतील, तर पाद्रींनी एखाद्या संताचं नाव जोडायचं आणि नोंदवहीत दोन्ही लिहायची. 1983 च्या कायद्यात (कलम 855) हे सैल झालं; नाव ख्रिस्ती भावनेला परकं नसावं, एवढंच उरलं. म्हणजे 1918 ते 1983 च्या नोंदींत घरची 'डायना' वहीत 'डायना मारिया' म्हणून भेटू शकते. अशा जोडनावांची यादी आधी करा. कोणतं नाव पाद्रींना पुरेसं ख्रिस्ती वाटत नव्हतं, हे त्या जोडलेल्या दुसऱ्या नावावरून कळतं. वह्या पॅरिशच्या ताब्यात असतात, त्यात जिवंत माणसांची माहिती असते, तेव्हा फादरांची लेखी परवानगी घेऊनच जा. आणि परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ जेट्टीवरच विचारून ठेवा.