एक विषय, तीन नावे

अर्थशास्त्र हा विषय घ्या. मराठवाड्यातल्या एकाच घरातल्या तीन पिढ्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाला बसल्या असतील, तर आजोबा हा विषय ‘मआशियात’ म्हणून शिकले, वडील ‘इकॉनॉमिक्स’ म्हणून आणि नातू ‘अर्थशास्त्र’ म्हणून. विषय तोच, मुलूख तोच, भाषा मात्र तीन. अशी तीन पिढ्या शिकलेली घरे फार नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. ती का नव्हती, हेच आज सांगायचे आहे.

निजामाच्या राज्यात १८८७ साली हैदराबादेत निजाम कॉलेज निघाले. ते मद्रास विद्यापीठाला जोडलेले आणि माध्यम इंग्रजी. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद या आपल्या पाच जिल्ह्यांत मात्र कॉलेज नव्हते. मग १९१७ साली मीर उस्मान अली खान यांनी नव्या विद्यापीठाचे फर्मान काढले आणि २८ ऑगस्ट १९१९ रोजी उस्मानियाचे वर्ग सुरू झाले. सगळे शिक्षण उर्दूतून, इंग्रजी हा फक्त एक सक्तीचा विषय. इंग्रजीवाचून विद्यापीठ ही कल्पनाच लोकांना वेडगळ वाटत होती, तेव्हाची ही गोष्ट. त्यासाठी ‘दारुल तर्जुमा’ म्हणजे भाषांतराचे एक स्वतंत्र खातेच उघडले होते. तिथे विद्वान मंडळी बसून एकेका शास्त्राचे शब्द घडवीत. गणित ते रियाझी, पदार्थविज्ञान ते तबीयात. पुढे वैद्यक आणि इंजिनिअरिंगसुद्धा उर्दूतून शिकवले गेले. या उद्योगाचे मोल कमी लेखू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण देशी भाषेतून शिकवावे हे तत्त्व एकदा मानले, तर कुणाची देशी भाषा, हा प्रश्न येतोच. राज्यातली बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी होती. मराठी मुलगा खालच्या इयत्ता आपल्या भाषेत शिके आणि वर चढला की उर्दूच्या पुढ्यात जाऊन उभा राही. बरेच जण तिथूनच परत फिरत. आणि गावाकडच्या मुसलमान पोराचे तरी काय? आमच्या घरातली बोली दखनी, अर्ध्याहून अधिक मराठीत भिजलेली. ‘मआशियात’ हा शब्द आमच्याकडच्या माणसालाही पाठच करावा लागे. हैदराबादच्या शिष्ट उर्दूत आणि आमच्या बोलीत बरेच अंतर होते.

१९२३ साली औरंगाबादेत इंटरमिजिएट कॉलेज सुरू झाले आणि कॉलेजचे पहिले वर्ष प्रथमच मराठवाड्याच्या मातीत आले. बाबा-ए-उर्दू म्हणून ओळखले जाणारे मौलवी अब्दुल हक तिथे प्राचार्य होते. दोन वर्षे औरंगाबादेत काढायची आणि पदवीसाठी हैदराबादची गाडी पकडायची, असा शिरस्ता पडला. याच कॉलेजच्या वसतिगृहात १९३८ साली ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावर बंदी आली. मुलांनी ती मानली नाही. चळवळ हैदराबादपर्यंत पसरली, विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले आणि त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने आपल्या दारात घेतले. एका गीतासाठी मुलांनी हातातले वर्ष सोडले. ते वर्ष त्यांना किती सायासाने मिळाले होते हे ध्यानात घेतले, म्हणजे या त्यागाचे वजन कळते.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, संस्थान भारतात आले. उस्मानियातले उर्दू माध्यम गेले, इंग्रजी आले. पुढच्या दोनच वर्षांत, जून १९५० मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत कॉलेज काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. नागसेन भिक्खूला प्रश्न विचारणाऱ्या ग्रीक राजाचे नाव कॉलेजला द्यावे, ही कल्पनाच केवढी! प्रश्न विचारणाऱ्याचे नाव कॉलेजला आणि उत्तर देणाऱ्याचे नाव परिसराला, नागसेनवन. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्या हाताखाली जी मुले पहिल्या वर्षाला बसली, त्यांच्यातल्या कित्येकांच्या घराण्यात तोवर कुणी शाळेचीही पायरी चढलेले नव्हते. कॉलेजला लागून वसतिगृह होते, हे मला वर्गाइतकेच महत्त्वाचे वाटते. गावात वेशीबाहेर राहणाऱ्या मुलाला शहरात भाड्याने खोली कोण देणार होते? त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेजही उभे राहिले.

कॉलेज असे जवळ आले, तोवर भाषा पुन्हा लांब गेली होती. उर्दूतून मॅट्रिक झालेला मुलगा आता इंग्रजी व्याख्यान ऐकत बसला. माझे वडील १९५२ च्या सुमाराचे असेच एक विद्यार्थी. त्यांच्या वहीत इंग्रजी शब्द, त्याखाली उर्दू अर्थ आणि कडेला पेन्सिलीने मराठी, अशा तीन ओळी असत. ते पहिले वर्ष पास झाले आणि घरची अडचण म्हणून परतले. पुढे नोकरीच्या कुठल्याही अर्जात त्या वर्षाला रकाना नव्हता. मॅट्रिकचा होता, पदवीचा होता. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला काही अटींवर प्रमाणपत्र मिळते, हे वाचले तेव्हा मला तो रकाना आठवला.

२३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. डोंगरकेरी पहिले कुलगुरू. मग कॉलेजे झपाट्याने वाढली. १९६३ साली रफीक झकेरियांनी औरंगाबादेतच मौलाना आझाद कॉलेज काढले. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने परिभाषा कोश केले, नागपूरच्या विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने मराठीत पाठ्यपुस्तके काढली आणि ‘मआशियात’चे एकदाचे ‘अर्थशास्त्र’ झाले. मी १९८८ साली तेच शिकलो. कोशातला शब्द कधी कधी मूळ इंग्रजीहून अवघड वाटे, हेही खरे. शब्द घडवणारे हैदराबादेत अरबी-फारसीकडे गेले, इथे संस्कृतकडे. बाजारात बसलेल्या भाजीवाल्याकडे फारसे कुणी गेले नाही. तरीही आपल्या भाषेत चुकता येते, वाद घालता येतो, हे सुख मोठे होते. मिलिंदमध्ये मराठी शिकवणारे गंगाधर पानतावणे ‘अस्मितादर्श’मधून ज्यांना लिहिते करत होते, त्यांच्यात असा वाद घालणारे किती तरी जण होते.

हे सुख आर्ट्‌सच्या बाकांपुरते राहिले. सायन्सला मराठी शाळेतून आलेले पोर पहिल्या सहामाहीतच मान खाली घालून बसे. २०२१ पासून मात्र तंत्रशिक्षण परिषदेने इंजिनिअरिंगही देशी भाषांतून शिकवण्याची परवानगी दिली आणि भाषांतराचे काम सुरू केले ते पहिल्या वर्षाच्या पुस्तकांपासून. त्यांत मराठीही आहे. हैदराबादेत दारुल तर्जुम्याचे दिवे लागले, त्याला तेव्हा शंभर वर्षे उलटून गेली होती.