कळवण प्रांतांतील अलिखित पोथ्या

कळवण तालुक्यांत दप्तरें हुडकावयास जाणारा संशोधक सप्तशृंगीच्या गडावर चढतो. कोकणा व भिल्ल यांच्या पाड्यांकडे मात्र सहसा वळत नाहीं. ज्यांजवळ कागद नाहीं त्यांस इतिहासही नाहीं, असा आपल्या मंडळींचा ग्रह आहे.

या ग्रहास एके काळीं शास्त्राचें पाठबळ होतें. रिस्लेसाहेबांनीं नाकाच्या मापावरून जातींच्या पायऱ्या लाविल्या. बर्लिन येथील ऑयगेन फिशर यांनीं युरोपीयांच्या कवटीच्या विषमतेंत त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण पाहिली. त्यांच्याच हाताखालीं इरावतीबाई कर्वे यांनीं १४९ कवट्या मोजल्या, आणि १९३० च्या सुमारास गुरूच्या मताविरुद्ध निर्णय दिला कीं, वंशाचा या विषमतेशीं संबंध नाहीं. परक्या देशांत हें करावयास धैर्य लागतें.

मेंदूचा समाजाशीं खरा संबंध स्मृतींत दिसतो. फ्रान्सचे हाल्बवाक्स यांनीं १९२५ त प्रतिपादिलें कीं, माणूस समाजाच्या चौकटींतच आठवतो. केंब्रिजचे बार्टलेट यांनीं १९३२ च्या ग्रंथांत दाखविलें कीं, परकी कथा पुनःपुन्हा सांगतांना सांगणारा ती आपल्या चालीरीतींस जुळवून घेतो.

कळवणकडे याचें प्रत्यंतर मिळतें. कोकणा कथेकरी थाळीच्या मध्यभागीं मेणानें एक काडी उभी करितो, तीवरून बोटें ओढून अखंड नाद काढितो, व त्या नादावर धान्यदेवता कणसरीची कथा लावितो. मार्गशीर्षांत डोंगऱ्या देवाच्या उत्सवांतही अशा कथा चालतात. पुढें पोथी नसते. सूर, प्रसंग आणि ऐकणारे हेच त्याचें दप्तर.

आतां पाठभेदांचा प्रश्न. भांडारकर संस्थेनें १९६६ त पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत प्रती ताडून प्राचीनतम पाठ शोधिला. तेथें तें युक्तच होतें. येथें तीच रीत लावणें म्हणजे पुरावा पुसणें होय. एका पाड्यानें काय गाळलें व दुसऱ्यानें कोणता डोंगर, कोणतें धान्य घातलें, यांतच त्या त्या समाजाचा इतिहास आहे. हस्तलिखितांतील लेखकाचा हस्तदोष आणि हा भेद एका जातीचे नव्हेत.

सबब संग्राहकांनीं प्रत्येक कथा स्वतंत्र उतरावी. कथेकऱ्याच्या संमतीनें त्याचें नांव, पाडा, कथा कोणापासून शिकला, कोणत्या प्रसंगीं सांगितली व ऐकावयास कोण होतें, हें शिरोभागीं नोंदावें. त्याची बोली पुणेरी करूं नये. तोच कथेकरी पुढील वर्षीं तीच कथा निराळी सांगेल, तर तीही उतरून पहिलीशेजारीं ठेवावी.