खरूज : दीडशे वर्षे दुर्लक्षिलेले एक उत्तर

१/८
इ.स. १६८७, इटलीतील लिव्होर्नो बंदर. बोनोमो हा वैद्य आणि चेस्तोनी हा औषधविक्रेता खरजेचे कारण शोधत होते. त्यांना वाट दाखवली ती गरीब स्त्रियांनी. आपल्या मुलांच्या कातडीतून त्या सुईच्या टोकाने काहीतरी बारीक टिपून काढत असत.

२/८
सूक्ष्मदर्शकाखाली तो जिवंत किडा निघाला. खरूज त्याच्यामुळेच होते, असे दोघांनी मांडले. परंतु शरीरातील दूषित रसांमुळे रोग होतात, असे मानणाऱ्या तत्कालीन वैद्यकाने हे स्वीकारले नाही.

३/८
१८१२ मध्ये पॅरिसच्या सें-लुई रुग्णालयातील गालेस याने ‘खरजेचा किडा’ सादर केला. पुढे तो चीजमधला किडा असल्याचे उघड झाले आणि संशय अधिकच बळावला.

४/८
अखेर १८३४ मध्ये त्याच रुग्णालयात रेनुची या कॉर्सिकन विद्यार्थ्याने सर्वांदेखत रुग्णाच्या त्वचेतून खरा किडा काढला. ही हातोटी त्याने कॉर्सिकातील गरीब बायकांकडे पाहिली होती.

५/८
कोळ्याच्या जातकुळीतली या किड्याची मादी त्वचेत बीळ करून अंडी घालते. खाज रात्री वाढते. प्रथमच लागण झालेल्याला ती चार ते सहा आठवड्यांनी जाणवते. तोवर एकाच अंथरुणावर निजणारे सारे घर बाधित झालेले असते.

६/८
मग दोष अस्वच्छतेचा? १९४१ पासून शेफील्ड येथे केनेथ मेलनबी यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग केले. रुग्णांच्या न धुतलेल्या पांघरुणांतून लागण क्वचितच झाली. ती मुख्यतः त्वचेच्या निकट स्पर्शाने होत होती. म्हणजे खरे कारण मळ नव्हे, दाटीवाटी.

७/८
तरीही ‘घाणेरडे’ हा शिक्का गरिबांवरच बसला. त्यामुळे रोग लपवला जातो. झोप मोडते, मूल वर्गात पेंगते, खाजवून झालेल्या जखमांत जंतू शिरतात आणि त्यातून मूत्रपिंडाचे विकारही उद्भवतात. एकट्यावर उपचार करून भागत नाही. साऱ्या घराला एकाच वेळी औषध लागते, आणि गरीब घराला तेच परवडत नाही.

८/८
फिजीतील एका अभ्यासात काही वस्त्यांमधील जवळजवळ सर्वच रहिवाशांना आयव्हरमेक्टिन देण्यात आले. वर्षभरात खरजेचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून २ टक्क्यांच्या आत आले. निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने खरजेची गणना दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केली. लिव्होर्नोच्या त्या स्त्रियांनंतर तब्बल ३३० वर्षांनी.