गाविलगडाची उत्तरेकडची वाट

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोल्याकडील अडगावच्या रणात नागपूरकर भोसल्यांचा मोड झाला आणि वेलस्ली अमरावतीकडील गाविलगडावर चालून गेला. दक्षिणेकडचा त्याचा हल्ला गडकऱ्यांचे लक्ष वेधण्यापुरता होता. खरा घाव उत्तरेकडून बसला. स्टीव्हन्सनने डोंगरांतून सुमारे ३० मैल वाट काढून तोफा वर ओढून नेल्या होत्या. १५ डिसेंबरला गड पडला.

वाचकहो, इंटरनेटचा विचार करताना मला हाच गड आठवतो. संकेतशब्दाचे कुलूप आपण जपतो, पण घात वाटेनेही होतो. तेथे वाट दाखवणारी यंत्रे शेजाऱ्याच्या शब्दावर चालतात. ‘या पत्त्यांची वाट माझ्याकडून’ अशी हाक आली की मानायची. दोन हाका आल्या तर थोड्या पत्त्यांची, म्हणजे अधिक नेमकी, ती खरी धरायची.

२४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने देशात यूट्यूब बंद करण्यासाठी त्याच्या २५६ पत्त्यांची अशी हाक दिली. हाँगकाँगच्या कंपनीने ती जगभर पोहोचवली. यूट्यूबची स्वतःची हाक १,०२४ पत्त्यांची, म्हणून ती मागे पडली. सुमारे दोन तास जगभरचे प्रेक्षक भलत्याच वाटेला लागले.

अशी लबाडी एका बुरुजावरून दिसत नाही. युरोपातील राइप संस्था अनेक ठाण्यांवर या हाका टिपून ठेवते. त्या नोंदींतूनच हा प्रकार मिनिटामिनिटाने उलगडला. पत्त्यांचा धनी अचानक बदललेला दिसला, की पहारेकऱ्याने सावध व्हावे. आता खऱ्या धन्याचा सहीशिक्का पडताळण्याचीही सोय आहे. मात्र ती जितके अधिक जण पाळतील, तितकी अधिक उपयोगाची.

दरवाजा मजबूत असला, तरी वाटेवर चौकी हवीच.