माधवाची श्रेणी आणि उरलेली चूक

एकातून एक-तृतीयांश वजा करायचा, एक-पंचमांश मिळवायचा, एक-सप्तमांश वजा करायचा. असे पुढे जात राहायचे आणि आलेल्या बेरजेची चौपट केली की पाय (π). केरळातील संगमग्रामच्या माधवाची (सुमारे १३४०–१४२५) ही श्रेणी पुढे युरोपात लाइब्निट्सच्या नावाने प्रसिद्ध झाली. दिसायला देखणी, हिशेबाला मात्र कुचकामी. दहा पदे घेतली तरी उत्तर येते ३.०४१८, पहिलाच दशांश चुकलेला.

केरळच्या गणितींनी यावर काढलेला तोडगा श्रेणीहूनही सरस म्हणावा लागेल. श्रेणी जिथे सोडली तिथे एक दुरुस्ती जोडायची. तिला ते ‘संस्कार’ म्हणत. तिची उपपत्ती ज्येष्ठदेवाच्या ‘युक्तिभाषा’ या सुमारे १५३० मधल्या मल्याळम गद्यग्रंथात सविस्तर आली आहे. दुरुस्ती अचूक असेल, तर एक पद आधी थांबले काय किंवा एक पद पुढे गेले काय, उत्तर तेच यायला हवे. म्हणजेच लागोपाठच्या दोन दुरुस्त्यांची बेरीज मधल्या पदाइतकी भरली पाहिजे. पदसंख्येच्या चौपटीने एकाला भागले की मिळणारी पहिली दुरुस्ती ही अट जवळजवळ पाळते. जवळजवळ म्हणजे किती, तेही ग्रंथात काढलेले आहे: मधल्या पदाच्या छेदाच्या घनातून तोच छेद वजा करून येणाऱ्या संख्येने एकाला भागायचे. छेद १९ असेल तर फरक १/६८४०. या फरकाचे नाव ‘स्थौल्य’. ते कमी करत नेऊन आणखी दोन दुरुस्त्या तयार झाल्या. त्याच दहा पदांवर पहिली दुरुस्ती ३.१४१८ देते, दुसरी ३.१४१५९०२ आणि तिसरी ३.१४१५९२७.

युरोपात फलांना श्रेणीत मांडणारा टेलरचा ग्रंथ १७१५ मध्ये निघाला, पण त्यात शेषपद, म्हणजे श्रेणी तोडल्यावर उरणारी चूक सांगणारे पद, नव्हते. ते लाग्रांजने १७९७ मध्ये दिले. त्याचे सूत्र असंख्य फलांना लागू पडते, ही व्याप्ती केरळच्या पद्धतीत नाही. परंतु ते चुकीची कमाल मर्यादा सांगून थांबते. संस्कार ती चूक बहुतांशी भरूनच काढतो.

कंपनी सरकारच्या नोकरीत मलबारात असलेल्या चार्ल्स व्हिश याने १८३० च्या दशकात केरळच्या या गणितग्रंथांवर निबंध प्रसिद्ध केला, पण त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. के. व्ही. शर्मा यांचा ‘युक्तिभाषे’चा इंग्रजी अनुवाद २००८ मध्ये प्रकाशित झाला.